शुद्धतेचा टक्का : ब्लीचिंग पावडरच्या एका पोत्याची हकीकत



आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, कविता, इतिहास अशा विषयांवर अधिकाराने बोलणारी माणसे येऊन गेली. या वर्षी चिटणीसांनी माझ्यासारख्या होमिओपॅथीच्या डॉक्टराला बोलावले आणि वर अट घातली, "विज्ञानातले काहीतरी सांगा, पण आमच्या आईलाही समजले पाहिजे." विषय मला फार शोधावा लागला नाही. गेली पस्तीस वर्षे जो हिशेब माझ्या मनातून गेलेला नाही, तोच मी मांडला. रासायनिक पदार्थाच्या नमुन्यात खरा पदार्थ किती, म्हणजे त्याच्या शुद्धतेचा टक्का किती, हे कसे काढतात आणि काढलेल्या टक्क्यावर किती विसंबावे, एवढाच हा विषय आहे. व्याख्यानात वेळेअभावी राहिलेले काही तपशील या लेखात घातले आहेत.

टक्का कशाचा?

शुद्धतेचा टक्का आपल्या घरांना नवा नाही. सोनाराच्या दुकानात तो आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. बावनकशी, शंभर नंबरी हे शब्द आपण माणसांनाही लावतो. आज दागिन्यावर ९१६ हा आकडा उमटवलेला असतो. त्याचा अर्थ असा : शुद्ध सोने चोवीस कॅरेटचे धरले, तर बावीस कॅरेटच्या दागिन्यात चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने. बावीस भागिले चोवीस म्हणजे ०.९१६, अर्थात हजारात ९१६ भाग किंवा शेकडा ९१.६. दहा ग्रॅमच्या पाटलीत नऊ ग्रॅमपेक्षा थोडे जास्त सोने आणि उरलेले तांबे, चांदी वगैरे.

सूत्र इतकेच आहे. नमुन्यातल्या हव्या त्या पदार्थाचे वजन भागिले संपूर्ण नमुन्याचे वजन, गुणिले शंभर. चौथीतल्या मुलालाही हे गणित येते. अवघड आहे ती पहिली पायरी. हवा तो पदार्थ नमुन्यात मिसळलेला असताना त्याचे एकट्याचे वजन कसे काढायचे? सोन्याच्या बाबतीत एक उपाय आहे. दागिन्याचा बारीक तुकडा शिशाबरोबर भट्टीत तापवतात. हलके धातू शिशाबरोबर निघून जातात. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात. मागे राहते ते सोने, ते तोलायचे. येथे पदार्थ खरोखर वेगळा काढता येतो.

पण पुष्कळ पदार्थ असे वेगळे काढता येत नाहीत. काढायला गेले तर ते बदलतात किंवा उडून जातात. मग त्यांचे वजन न करता त्यांचे काम मोजावे लागते. हे काम मोजणे म्हणजे काय, ते मला एका पोत्याने शिकवले.

गावातली साथ

मी बी.एच.एम.एस. होऊन दवाखाना घातला त्याला तीन-चार वर्षे झाली होती. शहरातल्या दवाखान्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावी जात असे. तिकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. एका आषाढात त्या गावी जुलाब-उलट्यांची साथ आली. पहिल्या दिवशी चार रुग्ण, तिसऱ्या दिवशी अकरा. मीठ-साखरेचे पाणी पाजणे, डोळे खोल गेलेल्या रुग्णांना सलाईनसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात धाडणे आणि घरोघरी पाणी उकळायला सांगणे, यांतच दिवस जात.

गावची पिण्याची विहीर एकच. वॉटरमन वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. ते रोज सकाळी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत असत. पावसाळ्यात त्या विहिरीला साडेपाचशे ग्रॅम पावडर, हे माप पूर्वी कुणीतरी बसवून दिले होते. मी विचारले तेव्हा मामा म्हणाले, "डॉक्टर, मापानंच टाकलो की मी. एक दिवस चुकवलो नाही." त्यांनी मला डबा दाखवला, तराजू दाखवला, पोते दाखवले. पोत्यावर छापलेले होते : उपलब्ध क्लोरीन ३३ टक्के.

चावडीवर लोकांनी मला विचारले, "डॉक्टर, विहिरीचं पाणी चालेल ना?" पाऊस असा की ओली लाकडे पेटत नव्हती. पाणी उकळणे बायकांना जिवावर आले होते. मी पोत्यावरचा आकडा वाचला होता, मामांचा प्रामाणिकपणा पाहिला होता. मी म्हणालो, "चालेल."

पुढच्या चार दिवसांत नवे चौदा रुग्ण आले. त्यांत एक सत्तरीची आजी आणि एक तीन वर्षांचे पोर गेले.

त्या आठवड्यात मी पोत्यातली थोडी पावडर बाटलीत घालून शहरात आणली आणि रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्राकडे नेली. त्यांनी बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाले, "नमुना कुठून घेतलात?" मी म्हणालो, "पोत्याच्या तोंडाशी होती ती." ते म्हणाले, "मग हा नमुना नव्हे. उद्या परत जा."

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा असे आपण म्हणतो. पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून ते खरे ठरते. पोत्याचे तसे नसते. तोंडाशी असलेल्या पावडरीला हवा लागते, तळाच्या पावडरीला जमिनीची ओल लागते, मधली त्यातल्या त्यात बरी राहते. एका ठिकाणची चिमूट उचलून काढलेला टक्का त्या चिमटीचा असतो. पुढची सगळी मोजमापे कितीही बिनचूक केली तरी ही चूक भरून निघत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पोत्याच्या वरून, मधून, तळातून आणि कडांवरून अशी आठ-दहा ठिकाणची पावडर घेतली. कागदावर एकत्र करून नीट मिसळली. ढीग सपाट करून त्याचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले. उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. असे करत मूठभर पावडर उरली, ती घट्ट बुचाच्या कोरड्या बाटलीत भरली. धान्याच्या व्यापाऱ्यांनाही ही रीत ठाऊक आहे. आमच्या घरचा व्यापार धान्याचाच. वडील पोत्यात बांबी खुपसून आतले दाणे पाहत, ते मला त्या दिवशी आठवले.

काम मोजायचे म्हणजे काय

आता ही पावडर काय आहे ते थोडे पाहू. विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू नेला की चुना तो धरून ठेवतो आणि पांढरी भुकटी तयार होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली तिचे पेटंट घेतले, ते कापड पांढरे करण्यासाठी. १८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी बाळंतिणींच्या कक्षात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. पुढे हीच पावडर पाण्यात आली.

ही भुकटी एकच एक पदार्थ नाही. तिच्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट असते, कॅल्शियम क्लोराइड असते, न वापरला गेलेला चुना असतो. जंतू मारण्याचे काम हायपोक्लोराइटचे. हवेतली ओल, कार्बन डायऑक्साइड, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू मोडते. मागे राहतात क्लोराइड आणि चुनखडी. रंग पांढराच राहतो, पोते तेवढेच भरलेले दिसते. ओल धरल्यामुळे वजन उलट थोडे वाढतेही. वासही काही काळ येत राहतो. म्हणजे डोळा, तराजू आणि नाक तिन्ही फसतात. आपल्याकडे जमिनीचा कस गेला म्हणतात, तसा पावडरीचा कस जातो.

हा कस मोजण्याची रीत आयोडीनवर चालते. पावडरीचे पाणी पोटॅशियम आयोडाइडमध्ये घालून थोडे अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, टाकले की पावडरीतला कामाचा क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतो. जितका क्लोरीन, त्या प्रमाणात आयोडीन. पाणी तपकिरी होते. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेटचे ठरलेल्या ताकदीचे द्रावण थेंब थेंब सोडायचे. ते आयोडीन खाऊन टाकते. रंग फिका पिवळा झाला की स्टार्चचे, म्हणजे पिठाच्या खळीचे, दोन-तीन थेंब घालायचे. पाणी गर्द निळे होते. पुन्हा थेंब थेंब थायोसल्फेट. एका थेंबासरशी निळा रंग नाहीसा होतो, तेथे थांबून ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. यालाच टायट्रेशन किंवा अनुमापन म्हणतात.

येथे आम्ल कोणते वापरायचे हेही महत्त्वाचे. जुन्या पावडरीत क्लोरेट नावाचा एक पदार्थ तयार झालेला असतो. तो जंतू मारण्याच्या कामाचा नाही. पण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर तोही आयोडीन मोकळे करतो आणि मेलेली पावडर जिवंत दिसू लागते. सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात तो गप्प राहतो. जे काम आपल्याला हवे तेवढेच मोजले जावे, अशी रीत निवडावी लागते.

हिशेब

प्राध्यापकांनी माझ्याकडूनच सगळे करून घेतले. ते आकडे वहीत अजून आहेत.

पावडर घेतली ५ ग्रॅम. खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून ती ५०० मिलिलिटर पाण्यात मिसळली. पिपेटने त्यातले २५ मिलिलिटर काढले. पाचशेतले पंचवीस म्हणजे विसावा भाग. त्यामुळे शंकुपात्रात पावडर आली ५ भागिले २०, म्हणजे ०.२५ ग्रॅम, अर्थात २५० मिलिग्रॅम. हे गाळ खाली बसू न देता, हलवून घ्यायचे, नाहीतर हिशेब चुकतो.

थायोसल्फेटचे द्रावण दशांश नॉर्मल ताकदीचे होते. या ताकदीच्या द्रावणाचा एक मिलिलिटर ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीनची बरोबरी करतो. हा आकडा क्लोरीनच्या अणुभारावरून, ३५.४५ वरून, येतो. ब्युरेटवर वाचन आले ८.५ मिलिलिटर. दुसऱ्यांदा केले, पुन्हा ८.५. दोन वाचने जुळल्याशिवाय प्राध्यापक पुढे जाऊ देत नसत.

८.५ गुणिले ३.५४५ बरोबर ३०.१ मिलिग्रॅम क्लोरीन.
३०.१ भागिले २५० गुणिले १०० बरोबर १२.

पोत्यावर ३३ टक्के, पोत्यात १२ टक्के.

मी विचारले, "सर, आपलेच द्रावण कमी-जास्त ताकदीचे असेल तर?" ते प्रसन्न झाले. म्हणाले, "हा प्रश्न आधी विचारायचा असतो." थायोसल्फेटचे द्रावणही ठेवून ठेवून बदलते. त्याची ताकद त्यांनी त्याच सकाळी पोटॅशियम डायक्रोमेटवर तपासून घेतली होती. डायक्रोमेट अतिशय शुद्ध मिळते, हवेत बदलत नाही, तोलून घेतले की त्यावर भरवसा ठेवता येतो. मोजणाऱ्या मापाचेही माप काढावे लागते आणि ती साखळी कुठेतरी न हलणाऱ्या वजनाशी जाऊन टेकावी लागते.

आता विहिरीचे गणित करू. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर. व्यासाचा वर्ग १६, गुणिले खोली ५, गुणिले ०.७८५. उत्तर ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर पाणी. साडेपाचशे ग्रॅम पावडर ३३ टक्क्यांची असती, तर विहिरीत सुमारे १८१ ग्रॅम क्लोरीन पडला असता, म्हणजे दर लिटरला सुमारे २.९ मिलिग्रॅम. १२ टक्क्यांच्या पावडरीने पडला ६६ ग्रॅम, म्हणजे दर लिटरला जेमतेम १ मिलिग्रॅम.

आपण म्हणाल, शून्य तर नाही, एक तृतीयांश तरी काम झाले असेल. तसे होत नाही. पावसाळी गढूळ पाण्यातला पालापाचोळा, माती, शेणखताचा अंश आधी आपल्या वाट्याचा क्लोरीन खातात. याला पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागून जो उरतो तो जंतूंच्या वाट्याला येतो. आम्हांला शिकवलेला नियम असा : तासभर संपर्कानंतर दर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक पाहिजे. मागणीच दोन मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर एक मिलिग्रॅम टाकून शिल्लक काही राहतच नाही. मामांनी रोज सकाळी निष्ठेने जे टाकले, ते पालापाचोळ्यातच संपत होते.

आयोडीन नसताना

दरवेळी प्रयोगशाळा कुठून आणायची? यासाठी एक साधी पेटी आहे. ती आम्ही कॉलेजात सामाजिक आरोग्याच्या तासाला हाताळली होती आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. ब्रिटिश लष्करातले डॉक्टर हॉरॉक्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात एक काळा कप आणि सहा पांढरे कप असतात. पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी भरायचे. काळ्या कपात २ ग्रॅम पावडरीचे द्रावण करायचे. निवळीचा एक थेंब पहिल्या कपात, दोन दुसऱ्यात, तीन तिसऱ्यात, असे सहापर्यंत. अर्धा तास थांबायचे. मग प्रत्येकात स्टार्च आणि आयोडाइडचे थेंब. ज्या पहिल्या कपात स्वच्छ निळा रंग येईल त्याचा क्रमांक गुणिले दोन, तितके ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते.

आम्ही त्या विहिरीच्या पाण्यावर हे केले. जुन्या पावडरीने निळा रंग पाचव्या कपात आला, नव्या सीलबंद डब्यातल्या पावडरीने दुसऱ्या कपात. दुसरा कप म्हणजे ४५५ लिटरला ४ ग्रॅम, पूर्ण विहिरीला सुमारे ५५० ग्रॅम. म्हणजे मामांचे माप अगदी बरोबर होते. ते कुणीतरी चांगल्या पावडरीवर बसवले होते. पाचवा कप म्हणजे ४५५ लिटरला १० ग्रॅम, पूर्ण विहिरीला जवळजवळ १,४०० ग्रॅम. टायट्रेशनच्या टक्क्यावरूनही पाहा : ५५० गुणिले ३३ भागिले १२, उत्तर सुमारे दीड किलो. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली उत्तरे शेजारी शेजारी बसली, तेव्हा माझा त्या आकड्यावर विश्वास बसला.

हॉरॉक्सच्या पेटीची गंमत अशी की तिला शुद्धतेचा टक्का कळत नाही आणि तो कळण्याची गरजही नाही. ही पावडर, हे पाणी, आज किती टाकू, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ती देते. गावाला तोच प्रश्न होता. मी "चालेल" म्हणालो त्या दिवशी ही पेटी माझ्या बॅगेत असती आणि मी अर्धा तास थांबलो असतो, तर उत्तर वेगळे आले असते. माझे मित्र होमिओपॅथीच्या मात्रेवरून माझी थट्टा करतात, ती मी ऐकून घेतो. विहिरीला मात्र पॅथी नसते. तेथे मिलिग्रॅमचाच हिशेब चालतो.

जुनी पावडर जास्त टाकून काम भागवावे का, असे गावकऱ्यांनी विचारले. एखाद्या दिवसाची अडचण भागेल. पण तिच्यातला चुना आणि क्लोराइड तिप्पट पडतात, गाळ साचतो आणि तिचा कस पुढेही उतरतच राहतो. आजचे माप पंधरा दिवसांनी खोटे ठरते. म्हणून ती काढून टाकली आणि नवी आणली. साथ पुढच्या आठवड्यात ओसरली. ती एकट्या पावडरीने ओसरली असे मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत विहिरीच्या काठाची फुटलेली फरशी बसवून वरचे पाणी आत जाणे बंद केले होते आणि लोक पाणी उकळू लागले होते. आमच्या आईने तेव्हा सांगितलेला एक उपायही मी घरोघर सांगितला होता : पाणी दुहेरी-चौपदरी कपड्याने गाळून घ्या. पाणी गाळून पिणे हा आम्हां जैनांच्या घरचा रोजचा आचार आहे. पुढे २००३ साली बांगलादेशातल्या खेड्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या चार घड्यांतून गाळलेल्या पाण्याने तेथे पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले होते. आईचा उपाय निम्मा खरा होता, आणि उरलेल्या निम्म्यासाठी क्लोरीन लागत होता.

टक्का काय सांगत नाही

आतापर्यंतच्या हकीकतीवरून आकड्यावर विश्वास ठेवूच नये असे कुणाला वाटेल. तसे नाही. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते विचारावे, असे माझे म्हणणे आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले या पावडरीचेच. ३३ टक्के म्हटल्यावर पुष्कळांना वाटते, दोन तृतीयांश भेसळ. पण चांगल्या ब्लीचिंग पावडरीचा तोच पूर्ण कस आहे. तिच्यात चुना हवाच. उलट शुद्ध कॅल्शियम हायपोक्लोराइट घेतले, तर त्यात क्लोरीनचे प्रत्यक्ष वजन जवळजवळ ५० टक्के असते, पण 'उपलब्ध क्लोरीन' ९९ टक्के लिहिला जातो. हे खोटे नाही. 'उपलब्ध क्लोरीन' म्हणजे किती क्लोरीन वायूइतके काम होईल, आणि हायपोक्लोराइटमधला क्लोरीनचा एक अणू वायूतल्या दोन अणूंचे काम करतो. एकाच डब्याचे दोन टक्के, दोन्ही खरे. आमच्याकडे लहानपणी शिकवत की कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे ते आधी पाहावे. स्याद्वाद तो हाच. रसायनाच्या डब्यावर तो मला पुन्हा भेटला.

दुसरे उदाहरण दुःखाचे. १९८६ साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे द्रव्य होते. तेही ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोडसर. यावरून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. हवा तो पदार्थ किती टक्के आहे, हे कळल्याने उरलेला भाग कशाचा आहे ते कळत नाही. सोन्यात उरलेले तांबे असले तर नुकसान पैशाचे होते. औषधात उरलेल्या भागाची चौकशी वेगळी आणि स्वतंत्र करावी लागते.

तिसरे उदाहरण चीनमधले, २००८ सालचे. दुधातली प्रथिने मोजण्याची रूढ रीत प्रथिने मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते, कारण प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधाचा टक्का भरून काढण्यासाठी काही लोकांनी मेलामाइन मिसळले. प्लॅस्टिकच्या धंद्यातल्या या पदार्थात ६६ टक्के नायट्रोजन असतो. कसोटीत दूध उत्तम ठरले. तीन लाखांच्या आसपास बालके आजारी पडली, काही दगावली. मोजणाऱ्याचे गणित चुकले नव्हते. नायट्रोजन दिसला म्हणजे प्रथिनेच असणार, हे गृहीत चुकले होते.

चार प्रश्न

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातात ब्युरेट येईल. पण टक्के रोज आपल्यासमोर येतात : औषधाच्या बाटलीवर, खताच्या पोत्यावर, फिनेलवर, दागिन्यावर, दुधाच्या पिशवीवर. तेव्हा चार प्रश्न मनात ठेवा. हा टक्का नेमका कशाचा, वजनाचा की कामाचा? नमुना कुठून आणि कसा घेतला? कधी मोजला, आणि त्यानंतर हा पदार्थ कुठे व कसा ठेवला होता? उरलेला भाग कशाचा आहे?

सोन्याला तिसरा प्रश्न विचारावा लागत नाही. आजीच्या पाटल्यांचा टक्का नातीच्या हातातही तोच असतो. ब्लीचिंग पावडरीला मात्र तो सगळ्यांत आधी विचारावा. आपल्या सोसायटीच्या किंवा वाड्याच्या टाकीत ती टाकली जात असेल, तर उत्पादनाची तारीख पाहून लहान डबे घ्यावेत. एकदम मोठे पोते घेऊ नये. घट्ट झाकणाच्या भांड्यात, अंधाऱ्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. धातूच्या डब्यात ठेवू नये, तो गंजतो. टाकल्यावर तासाभराने नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन क्लोरोस्कोपने तपासावा. ही लहान पेटी असते, दोन मिनिटांचे काम आहे. पोत्यावरचे छापील अक्षर कारखान्यातून निघतानाच्या दिवसाविषयी सांगते. आजच्या पाण्याविषयी त्या पेटीतला रंगच सांगतो.

त्या गावी मी पुढे बारा वर्षे जात राहिलो. साथीनंतर मामांनी एक गोष्ट सुरू केली. नवा डबा उघडला की खडूने त्याच्यावर उघडल्याची तारीख लिहायची, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी माझ्याकडून हॉरॉक्सच्या पेटीने पावडर तपासून घ्यायची. मी एखाद्या वेळी घाईत असलो आणि "राहू दे मामा, डबा नवाच आहे" म्हणालो, तर ते काही न बोलता कप मांडून ठेवत. मग मी बसत असे, अर्धा तास, रंग येईपर्यंत.